हद्दवाढ होईल तेव्हा होईल, शेजारच्या गावासोबत नाला कसा साफ करायचा ते बघा

कोल्हापुरात हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घ्यायची, म्हटलं की मोर्चे, बंद, घोषणा. 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हा विषय चालूच आहे. मधे 2017 ला 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. पण कळंबा, पाचगाव, उचगाव इकडं घरं काय कुणाची वाट बघत थांबली नाहीत, आणि सांडपाण्याला तर हद्द माहितीच नाही.

आमच्याकडचं सांगतो. दोन गावांच्या मधनं एक ओढा जातोय. एका वर्षी आमच्या पंचायतीनं जेसीबी लावला, हद्दीच्या दगडापर्यंत काढला आणि तिथंच थांबला. पलीकडं गुडघाभर गाळ, प्लास्टिक, कुणाची तरी जुनी गादी. जूनच्या दुसऱ्या पावसातच पाणी मागं फिरलं आणि आमच्याच चार घरांत शिरलं. बिल मात्र पूर्ण निघालं.

तर पहिली गोष्ट, विषय एकच घ्या. कचरा, पाणी, रस्ता, केएमटीची शहर बस सगळं एकाच मीटिंगला काढलं की चहा संपतो आणि मीटिंग पण संपते. ओढा असेल तर फक्त ओढा.

मग दोन्हीकडचे सरपंच, ग्रामसेवक आणि ओढ्याकाठची दोन-तीन म्हातारी माणसं घेऊन ओढा पायी फिरा, मोबाईलवर लोकेशन ऑन करून फोटो काढत जा. म्हातारी माणसं कशाला, तर 2005 ला, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं आणि मूळ ओढा किती रुंद होता हे त्यांनाच माहीत असतंय, नकाशावर काय बी असू दे. प्लॉट पाडताना कुठं पाईप टाकून ओढा बुजवलाय ते पण तेच दाखवतात (आणि कुणी बुजवलाय ते पण, पण ते लगेच कागदावर घेऊ नका, पहिल्याच दिवशी भांडण नको).

पुढं ठराव. दोन्ही ग्रामसभांत शब्दाला शब्द तोच ठराव पाहिजे, नाहीतर एक म्हणतो सफाई, दुसरा म्हणतो रुंदीकरण, आणि पंचायत समितीत फाईल अडकते. दोन-तीन ग्रामपंचायतींना मिळून संयुक्त समिती करायची सोय कायद्यातच आहे, तेवढं ठरावात लिहून घ्या. तारीख बघून करा, 1 मे च्या ग्रामसभेत ठराव केला तर पावसाच्या आधी कोटेशन आणि वर्कऑर्डर होत नाही. 2 ऑक्टोबरला केला तर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात दोन्ही गावांचा खर्च बसतो. 15व्या वित्त आयोगात 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, तसल्या बंधित निधीत हे काम बसतंय का ते ग्रामसेवकाला आधीच विचारून घ्या.

खरी मारामारी पैशावर. "ओढा तुमच्याकडं जास्त लांब आहे" हे वाक्य येणारच. आमचा अनुभव, लांबीवर वाटू नका, घरांवर वाटा, कारण घाण घरातनं येतीय. समजा खर्च 3 लाख, एका गावात 1200 घरं आणि दुसऱ्यात 800, तर 1 लाख 80 हजार आणि 1 लाख 20 हजार. घरपट्टीच्या रजिस्टरचा आकडा घ्या, त्यावर कुणाला वाद घालता येत नाही.

ओढा पुढं शहरात जात असेल तर महापालिकेला आधीच पत्र द्या, ठरावाची नक्कल, फोटो जोडून, आणि पोच घ्या. शहरातला जयंती नाला शेवटी पंचगंगेलाच मिळतो आणि खाली इचलकरंजी, शिरोळकडची माणसं त्याच नदीवर आहेत. 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ अजून कुणी विसरलेलं नाही. प्राधिकरणाला पण एक प्रत द्या, ओढ्याच्या काठावर नवीन बांधकाम परवानगीचा अर्ज आला तर निदान त्यांच्या फाईलला हा कागद असेल.

आणि जेसीबी आला की खालच्या गावाकडनं काम सुरू करा. वरनं सुरू केलं तर मोकळं झालेलं सगळं पाणी खालच्या तुंबलेल्या जागेत जाऊन बसतं, खालचा सरपंच दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात असतोय.