गोल्फच्या मेडल राउंडच्या (प्रत्येक फटका मोजल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या) आदल्या रात्री: डोकं शांत ठेवायची तयारी

शूज, ग्लव्ह, टोपी, टी (बॉल ठेवायची खुंटी), पाणी हे सगळेच घेतात. क्लब (बॉल मारायच्या काठ्या) मात्र रात्रीच मोजा. १४ च्या वर एकही चालत नाही, आणि नियम मोडला गेला त्या प्रत्येक होलला (एका खड्ड्यापर्यंतच्या खेळाला) दोन फटक्यांचा दंड बसतो, राउंडमध्ये जास्तीत जास्त चार. २००१ च्या ब्रिटिश ओपनला शेवटच्या दिवशी इयान वूसनमने पहिल्याच होलला बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि दुसऱ्या टीवर (होल सुरू करायच्या जागेवर) कळलं की बॅगेत जास्तीचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) राहिलाय. दोन फटके तर गेलेच, पुढच्या होलवरचं लक्षही गेलं. मनाची शांती वगैरे नंतर, आधी क्लब मोजा.

आता कागद. खिशात मावेल एवढा कागद घ्या आणि पेनने लिहा: तुम्हाला छळणाऱ्या तीन-चार होलवर टीवरून कोणता क्लब, आणि बॉल झाडीत गेला तर पुढचा फटका कुठे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, सगळ्यात जवळच्या वाटेने फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर). तरीही लिहा. ‘माहितीये मला’ म्हणून सोडू नका. मागच्या मेडलला मीही ते डोक्यातच ठेवलं होतं. झाडांच्या फटीतून ग्रीन (खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) दिसली आणि ठरवलेलं सगळं पुसलं गेलं. डोकं तापल्यावर हिशोब जमत नाही, वाचता मात्र येतं.

कार्नूस्टीला १९९९ च्या ओपनमध्ये ज्याँ वान द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. पार चारच्या (चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या) होलला सहा लागले तरी चषक त्याचाच. त्याने टीवरून ड्रायव्हर काढला, मग बॉल ओढ्याच्या अलीकडे ठेवायचं सोडून ग्रीनकडे मारला. तो प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून उंच गवतात, तिथून ओढ्यात, दंड घेऊन मारलेला बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). सात झाले, आणि प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवायच्या जादा होलमध्ये) पॉल लॉरी जिंकला. एवढ्या मोठ्या खेळाडूचं त्या क्षणी असं होतं, तर आपण कोण? कागद लिहून झाला का? नसेल तर पुढे वाचू नका.

सकाळी टी-ऑफच्या (पहिल्या फटक्याच्या) तासभर आधी पोचा. रेंजवर (सरावाच्या जागी) स्विंग दुरुस्त करायला जाऊ नका, त्या दिवशी जो स्विंग आहे तोच घेऊन खेळायचंय. पटिंगला आधी लांबचे पट (ग्रीनवर बॉल घरंगळवणारे फटके) मारा, ग्रीनचा वेग कळतो. शेवटी हातभर अंतरावरून काही पट होलमध्ये घाला. तो आवाज कानात असला की पहिल्या ग्रीनवर हात कमी थरथरतो. मन एकाग्र व्हावं म्हणून कानात गाणी लावून खेळायची सवय असेल तर ती सोडा. लक्ष विचलित होऊ नये किंवा स्विंगला लय मिळावी म्हणून राउंडमध्ये संगीत ऐकायला नियमांत बंदी आहे. आणि पहिल्या टीवर खिशात हात घालून कागद आहे ना ते बघा.

फटक्याआधीचा क्रम एकच ठेवा: बॉलच्या मागे उभं राहून दिशा, एक सराव स्विंग, एक लांब उच्छ्वास, फटका. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, छातीतली धडधड उतरते. रेंगाळू नका, नियमांनीही ४० सेकंदांतच फटका मारावा असं सुचवलंय. क्रम मोडला, कोणी बोललं, मोबाइल वाजला, तर मागे या आणि पहिल्यापासून करा. लाजू नका. चार तासांच्या राउंडमध्ये प्रत्यक्ष खेळ काही मिनिटांचाच असतो. मधल्या चालण्यात कॅडीशी (तुमची बॅग वाहणाऱ्याशी) गप्पा मारा, झाडं बघा. सतत एकाग्र राहायचा हट्ट धरलात तर बाराव्या होलपर्यंत डोकं रिकामं होईल.

बॉल हरवेल किंवा हद्दीबाहेर जाईल असं वाटलं तर पुढे जाण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) असं सांगून दुसरा मारून ठेवा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि न सापडल्यास सगळ्यांच्या देखत टीवर परत चालत येण्याएवढं मन खचवणारं दुसरं काही नाही. बॉल झाडीत सापडला? कागद काढा. फट कितीही मोठी दिसू दे, कॅडी काहीही म्हणू दे, आधी कागद वाचा, मग क्लबला हात लावा.

नवव्या होलनंतर केळं किंवा चिक्की, भूक नसली तरी. पाणी दर दोन होलला. बेरीज करत बसू नका. शेवटच्या तीन होलला तोच क्रम, तोच कागद.

सही करण्याआधी कार्डवरचा प्रत्येक होलचा आकडा ताडून बघा. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेला रॉबर्टो दे विचेन्झोच्या सतराव्या होलच्या तीनऐवजी चार लिहिले गेले, त्याने तशीच सही केली, आणि त्याचा प्लेऑफ हुकला.