कंट्री रॉकचा टोन पाहिजे? मग या चुका टाळा (आणि पेडल घ्यायची घाई सगळ्यात आधी टाळा)

टेलिकास्टर (फेंडरची इलेक्ट्रिक गिटार) घेतली, कॉम्प्रेसर घेतला, ओव्हरड्राइव्ह (आवाजात खरखर आणणारं पेडल) घेतला, सगळं जोडलं, तरी तो टोन काही येत नाही, असं कोणी सांगितलं की मी आता पुढचं ऐकूनच घेत नाही. सरळ विचारतो, गेन (सिग्नल फुगवून खरखर वाढवणारा नॉब) कितीवर आहे? समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "असेल सहा-सात". झालं, निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

गेन, गेन आणि गेन

नावात रॉक आहे म्हणून लोक डिस्टॉर्शन लावून मोकळे होतात. अरे पण हा आवाज आला कुठून ते तरी बघा. कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड, साठचं दशक, कंट्री गायक बक ओवेन्स आणि त्याचा गिटारिस्ट डॉन रिच, दोघांच्या हातात टेलिकास्टर, मागे फेंडरचे ॲम्प, आणि आवाज एकदम क्लीन, कडक, कानाला लागेल असा. मग 1968 मध्ये बर्ड्ससारखा रॉक बँड नॅशव्हिलला जाऊन रेकॉर्डिंग करून आला, आणि लॉस एंजेलिसची बाकीची पोरंही त्या वाटेला लागली. त्यांनी काय केलं, तर तोच क्लीन आवाज घेतला आणि ॲम्प थोडा जास्त उघडला. थोडा. म्हणजे मुळात क्लीन, त्यावर किंचित खरखर.

यामागे कारण आहे, नुसती आवड नाही. या संगीतात गिटार बऱ्याचदा पेडल स्टीलची (आडवी ठेवून, पेडलनं सूर सरकवत वाजवायची गिटार) नक्कल करत असते, म्हणजे एक तार तशीच धरून ठेवायची आणि शेजारची बेंड करत (बोटानं ताणत) सुरात आणायची. जास्त गेनमध्ये दोन तारा एकत्र वाजल्या की त्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या बेरजा-वजाबाक्या होऊन भलतेच सूर तयार होतात, आणि तुमचं ते सुंदर बेंड नुसता घरघराट होऊन बाहेर पडतं. एकेक सूर वाजवताना हे कळत नाही, म्हणून घरी सोलो वाजवून खूश झालेला माणूस डबल स्टॉप (दोन तारा एकत्र) वाजवायला गेला की फसतो.

माझी सवय सांगतो. ओव्हरड्राइव्हचा गेन पूर्ण खाली, फार तर घड्याळात नऊ वाजतात तिथपर्यंत, आणि लेव्हल घड्याळातल्या एक-दोनच्या आसपास. मग हलकं वाजवून बघायचं, क्लीन आलं पाहिजे. जोरात मारलं की भुंकलं पाहिजे. हलकं आणि जोरात दोन्ही सारखंच ऐकू येत असेल तर गेन अजून कमी करा, आणि कमी करताना "मजा गेली" असं वाटेल, तर वाटू दे. ती मजा उजव्या हातातून परत आणायची असते, त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ कोणाला द्यायचा नसतो.

कॉम्प्रेसर: सगळ्यात जास्त बदनाम झालेलं बिचारं पेडल

एका मित्राच्या बँडचा कार्यक्रम होता, मी नुसता ऐकायला गेलो होतो. साउंड चेकमध्ये गाणं संपलं की दोन सेकंदांत स्टेजवरून "श्श्श्श" असा आवाज वर चढत यायचा, त्यात भर म्हणून हम (विजेची गुणगुण). पुन्हा वाजवायला लागले की गायब. थांबले की परत हजर. साउंडवाला म्हणाला अर्थिंगचा लोचा आहे. गिटारिस्टनं केबल बदलली, मग दुसरी बदलली, मग ॲम्पचा प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, मग सगळे मिळून स्टेजवरच्या लाइट्सना शिव्या द्यायला लागले. प्रेक्षक आत यायची वेळ झाली तरी शोध चालूच. शेवटी मी वाकून त्याचा पेडलबोर्ड बघितला, तर कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावलेला, आणि सस्टेनचा (आवाज किती दाबून लांबवायचा त्याचा) नॉब पार शेवटाला.

आता बघा काय होतं. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि एकूण लेव्हल वर उचलतो. तुम्ही वाजवायचं थांबलात की दाबायला काही उरत नाही, मग तो जे काही शिल्लक आहे ते पूर्ण उचलून धरतो. आणि शिल्लक काय, तर ओव्हरड्राइव्हनं आधीच फुगवलेली हिस आणि सिंगल कॉइल पिकअपनं (तारांची कंपनं पकडणारा, एकाच कॉइलचा भाग) पकडलेला विजेचा हम. पेडल अगदी आपलं काम करत होतं हो, त्याला कामच चुकीचं दिलं होतं. कॉम्प्रेसर आधी घेतला, सस्टेन घड्याळातल्या नऊ-दहाच्या मध्ये आणला, मिनिटभरात प्रश्न मिटला. अर्थिंग ठणठणीत होतं.

तेव्हा क्रम असा: गिटार, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, मग डिले (प्रतिध्वनीचं पेडल), मग ॲम्प. या क्रमाचे अपवाद आहेत, पण अपवाद करायचे ते आधी नियम कानात बसल्यावर. सस्टेन इतकाच ठेवायचा की पेडल बंद केल्यावर काहीतरी कमी झाल्यासारखं वाटेल, चालू केल्यावर मात्र "अरे वा, कॉम्प्रेसर" असं कोणी म्हणणार नाही. आणि लेव्हल अशी लावायची की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज तेवढाच राहील, नाहीतर जे मोठं ते चांगलं असं कान सांगतो आणि आपण फसतो.

अजून एक, कॉम्प्रेसर लावला की चिकन पिकिन (कोंबडीच्या आवाजासारखं तुटक वाजवणं) आपोआप येतं हा गैरसमज कोणी पसरवला देव जाणे. पिक आणि मधलं बोट दोन्ही वापरून तार ओढून सोडायची असते, डावा हात ती लगेच दाबून गप्प करतो. पेडल ते सगळं फक्त एका पातळीवर आणतं. हात नसेल तर गोंधळसुद्धा एका पातळीवर येतो.

"टेली फार टोचते"

मग टोनचा नॉब कशाला दिलाय? हे मी रागानं नाही लिहीत, बरं थोडं रागानं लिहितोय. लोक ब्रिज पिकअप लावतात, गिटारचे दोन्ही नॉब दहावर ठेवतात, ॲम्पचा ट्रेबल सातवर, आणि मग पिकअप बदलायला निघतात. टेलीचा ब्रिज पिकअप तिरका बसवलेला असतो, स्टीलच्या ब्रिज प्लेटमध्ये, तो चमकदार असणारच, त्यासाठीच तर घेतली ना. टोन सहा-सातवर आणा. व्हॉल्यूम आठवर. एवढ्यानं भागलं नाही तर पिकअप स्क्रूनं थोडा खाली घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर बघायचं, दोन मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा आणि पुढे कानानं. हे सगळं करूनही टोचलं तरच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या, आणि घेणार असाल तर आधी पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) बघा, सिंगल कॉइलला सहसा 250 के (किलोओहम) असतो. कोणी 500 के बसवून ठेवलेला असेल तर टोचण्याचं कारण तेच.

आणि हो, टेलीच पाहिजे असं अजिबात नाही. ग्रेच कंपनीची गिटार चालते, हम्बकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) गिब्सन लेस पॉलही चालते, फक्त तिचा व्हॉल्यूम सहा-सातवर ठेवून ब्रिज पिकअपवर राहायचं. पण पहिलीच गिटार घेत असाल आणि हाच टोन डोक्यात असेल तर उगीच वळसा घालू नका.

ॲम्प: वॅट मोजून घेऊ नका

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 85 वॅटचा, डीलक्स रिव्हर्ब 22 वॅटचा, म्हणजे ट्विन चौपट मोठा वाजतो असं समजणारे खूप भेटतात. चौपट वॅट म्हणजे साधारण 6 डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला अंदाजे 10 लागतात. खरा फरक वेगळाच आहे. ट्विन कितीही वाढवला तरी बराच वेळ क्लीन राहतो, डीलक्स मात्र चार-पाचच्या पुढे गेला की फुटायला (खरखरायला) लागतो, आणि कंट्री रॉकची जागा नेमकी त्या फुटण्याच्या काठावर आहे. बेडरूममध्ये ट्विन घेऊन दोनवर वाजवणाऱ्याला तो काठ कधी भेटतच नाही, मग तो पेडल घेतो, मग दुसरं पेडल घेतो, आणि शेवटी टोन वाईट म्हणून ॲम्प विकतो.

घरात हळूच वाजवायचं असेल तर छोटा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा) घ्या, त्यात कसलीही लाज नाही. फक्त त्यातले फॅक्टरी प्रीसेट पहिल्या दिवशीच विसरा, त्यात रिव्हर्ब आणि गेन दुकानात भाव खावा म्हणून भरलेले असतात.

मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) कापू नका. घरी एकट्यानं वाजवताना बास आणि ट्रेबल वाढवून मिड्स खाली घेतले की मस्त भारदस्त वाटतं, बँडमध्ये मात्र बास गिटार खालून खाते, झांजा वरून खातात, आणि तुम्ही हात हलवताना दिसता, ऐकू येत नाही. फेंडर पद्धतीच्या ॲम्पमध्ये सगळे नॉब मधोमध असले तरी मिड्स आधीच दबलेले असतात, त्यात तुम्ही अजून कापता. म्हणूनच मिड्स पुढे आणणारा ट्यूब स्क्रीमर ओव्हरड्राइव्ह अशा ॲम्पसमोर इतका छान बसतो.

बाकीचं झटपट.

डिले: स्लॅपबॅक (एकच झटपट प्रतिध्वनी) हवा असेल तर 100 ते 130 मिलिसेकंद, एकच रिपीट, मिक्स कमी. डीलक्ससारख्या ॲम्पला इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या प्रीॲम्पनंतर पेडल जोडायची सोय) नसतो, त्यामुळे ॲम्प फुटायला लागला की डिलेही चिखल होतो, तेव्हा बंद करा.

रिव्हर्ब: तीन. चार म्हणजे हौस झाली.

तारा: दहाच्या सेटनं (सगळ्यात बारीक तार 0.010 इंच) बेंड करताना बोटं रडत असतील तर नऊचा लावा. जाड तार म्हणजे जाड टोन हे पुराण पुरे झालं. गिटारिस्ट जेम्स बर्टननं पन्नासच्या दशकात बारीक बाजूला बॅन्जोच्या तारा लावल्या होत्या, त्याच्या टोनला कोणी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत.

तीन सॅडलची जुन्या पद्धतीची टेली: एका सॅडलवर (ब्रिजवरचा तारांचा टेकू) दोन तारा, त्यामुळे इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर असणं) शंभर टक्के जुळणार नाही. ट्यूनर बघत रात्र घालवू नका, दोन तारांचा मध्य साधा आणि वाजवा.

पॉवर: पाच पेडल्स एका स्वस्त अडॅप्टरवरून माळेसारखी जोडली आणि मग आवाज येतो म्हणून पेडलला दोष दिला. अलग आउटपुट असलेला सप्लाय घ्या, तो नव्या पेडलच्या आधी.

बी-बेंडर: बर्ड्सच्याच क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्सनी काढलेली युक्ती, गिटारची मान खाली दाबली की पट्ट्याच्या ओढीनं बी तार एक पूर्ण स्वर वर जाते. ऐकून वेड लागतं, मान्य. पण बोटांनी सुरात बेंड येत नसताना लाकूड कोरून ते बसवून घेणारे लोक बघितलेत मी, आणि ते बेंडरही बेसूरच ओढतात. आधी नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मागे, हेडस्टॉकवरचा तारेचा तुकडा बोटानं दाबून बघा, टेलीवर तिथं जागा भरपूर असते, तारही वर जाते आणि खर्च काहीच नाही. लॉकिंग नटवाल्या (जिथं तारा नटलाच घट्ट आवळलेल्या असतात) गिटारवर मात्र हे चालत नाही.