अमेरिकेत जेनेरिकची फाईल टाकताय? फीच्या या चुका टाळा

अमेरिकेत जेनेरिक औषधाची फाईल, म्हणजे मंजुरीचा अर्ज, तपासते एफडीए (तिथली सरकारी औषध नियामक संस्था), पण त्या तपासणीचा मोठा खर्च निघतो कंपन्यांनीच भरलेल्या फीमधून. २०१२ च्या गडूफा (GDUFA) या जेनेरिक औषधांच्या फीच्या कायद्यापासून हे सुरू झालं, कारण त्याआधी हजारो अर्ज साचले होते आणि ते बघायला पुरेशी माणसंच नव्हती, मग ठरलं की कंपन्या पैसे देणार आणि एफडीए ठरलेल्या मुदतीत उत्तर देणार.

उत्तर देणार, मंजुरी नाही! इथेच पहिली गडबड होते. साध्या एएनडीएला (जेनेरिकच्या अर्जाचं अधिकृत नाव) साधारण १० महिन्यांचं टार्गेट असतं, पण त्या १० महिन्यांत मंजुरी येईल किंवा त्रुटींचं लांबलचक पत्र येईल, फी दोन्हीकडे तेवढीच. म्हणून लॉंचची तारीख फी भरल्यापासून मोजू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उशीर. फाईल टाकली त्याच दिवशी फी देय होते आणि त्यानंतर २० दिवस मिळतात, कॅलेंडरचे, म्हणजे शनिवार रविवार धरून. त्यात भरली नाही तर अर्ज स्वीकारलाच जात नाही, आणि नंतर भरली तर अर्ज मिळाल्याची तारीखही नंतरची पडते. आता जी कंपनी पेटंटला आव्हान देऊन पहिली यायला बघतेय तिची १८० दिवसांची एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे तेवढे दिवस दुसऱ्या जेनेरिकशिवाय विकायचा हक्क, याच तारखेवर उभी असते, वर्षानुवर्षांची मेहनत फायनान्सच्या एका अप्रूव्हलपायी जाऊ शकते, मला तर हे वाचूनसुद्धा धस्स होतं. आणि हो, मधल्या बँकेने चार्जेस कापले आणि रक्कम थोडी कमी पोचली तरी फी पूर्ण भरलेली धरत नाहीत, तेव्हा चार्जेस आपल्याकडे घ्या.

बजेट जुन्या रेटवर करू नका. एफडीएचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २०२४ च्या वर्षात एएनडीएची फी २,५२,४५३ डॉलर होती, २०२५ ला एकदम ३,२१,९२० झाली, म्हणजे ३० सप्टेंबर की १ ऑक्टोबर एवढ्यावर जवळपास ७० हजार डॉलरचा फरक!

आपण सगळं भरलं तरी दुसऱ्याच्या थकबाकीने फाईल अडते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्लांटची फी दरवर्षी वेगळी असते, ती प्लांटच्या मालकाने भरायची, अमेरिकेबाहेरच्या प्लांटला १५,००० डॉलर जास्त. तुमचा एपीआयवाला, म्हणजे औषधाचा मूळ घटक पुरवणारा सप्लायर, थकला की त्याचं नाव थकबाकीच्या यादीत जातं आणि त्याच्या प्लांटचा उल्लेख असलेला तुमचा नवा अर्ज घेतलाच जात नाही, त्या प्लांटमधला मालही मिसब्रँडेड, म्हणजे कायद्याने विकता न येणारा, ठरतो. सबमिशनआधी ती यादी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सप्लायरची डीएमएफ (एपीआय कसा बनतो याची त्याने एफडीएकडे दिलेली गोपनीय फाईल) फी एकदाच लागते पण ती आधीच भरून घ्यायला सांगा, कारण फी आल्याशिवाय डीएमएफची प्राथमिक तपासणी होत नाही.

"आम्ही लहान कंपनी, माफी मिळेल" हेही डोक्यातून काढा, तशी सवलत नव्या औषधांच्या फीमध्ये आहे, इथे नाही. फक्त वार्षिक प्रोग्रॅम फी (मंजूर एएनडीए असलेल्या कंपनीने दरवर्षी भरायची) मंजूर एएनडीएच्या संख्येवर कमी-जास्त होते, १ ते ५ असतील तर पूर्ण फीच्या १०%, ६ ते १९ ला ४०%, पण त्यात सहयोगी कंपन्यांचे एएनडीएही मोजले जातात, ते विसरू नका.

चुकून जास्तीची फी गेली असेल तर १८० दिवसांच्या आत लेखी मागा, नंतर मिळत नाही.