फायर हायड्रंट उघडताना, बंद करताना आणि सांभाळताना
अग्निशमन दलाची गाडी वेळेवर पोहोचली, तरी हायड्रंटचे, म्हणजे आग विझवण्यासाठी जलवाहिनीतून पाणी घेण्याच्या खांबाचे, टोपण गंजून घट्ट बसलेले असेल, तर ते सोडवण्यात जाणारी मिनिटे आगीच्या पथ्यावर पडतात. हायड्रंट उघडण्याचे काम अग्निशमन दलाने किंवा पाणीपुरवठा विभागाच्या अधिकृत कर्मचाऱ्यांनीच करावे, कारण चुकीच्या हाताळणीने हायड्रंटच नव्हे, तर जमिनीखालची मुख्य जलवाहिनीही फुटू शकते.

हायड्रंट कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ओळखावे. जेथे पाणी गोठत नाही, तेथे बहुधा खांबात वरपर्यंत पाणी भरलेले असते आणि प्रत्येक तोंडाला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. थंड प्रदेशातल्या कोरड्या खांबाच्या हायड्रंटमध्ये मात्र मुख्य व्हॉल्व्ह जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली बसवलेला असतो. माथ्यावरचा नट फिरवला की लांब दांड्यामुळे तो उघडतो, आणि बंद केल्यावर खांबात उरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून जमिनीत मुरते.

वापरण्यापूर्वी व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री करून मगच टोपण काढावे, आणि ते काढताना समोर न थांबता बाजूला उभे राहावे, कारण आत दाबाखाली हवा किंवा पाणी अडकलेले असू शकते. होज (पाणी नेणारी लवचीक नळी) जोडण्याआधी थोडे पाणी सोडून आतले खडे व गंज वाहून जाऊ द्यावेत; हेच खडे पुढे पंपात किंवा नोझलमध्ये अडकतात. त्यानंतर पाणी बंद करून होज जोडावा, वापरात नसलेल्या तोंडांची टोपणे घट्ट आहेत का ते पाहावे आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. नट कोणत्या दिशेने उघडतो हे सर्वत्र सारखे नसते, म्हणून माथ्यावरचा बाण पाहावा.

कोरड्या खांबाच्या हायड्रंटचा मुख्य व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवू नये. तो पूर्ण उघडल्यावरच निचऱ्याची छिद्रे पूर्ण बंद होतात. अर्धवट ठेवल्यास दाबाचे पाणी त्यांतून बाहेर पडत राहते, भोवतालची माती धुऊन नेते आणि खांबाचा आधारच सुटतो. पाण्याचे प्रमाण कमी हवे असल्यास तोंडावर वेगळा व्हॉल्व्ह जोडून ते नियंत्रित करावे. बंद करतानाची घाई तर याहूनही घातक असते, कारण वाहते पाणी एकदम अडले की जलवाहिनीत दाबाची जोरदार लाट उठते आणि दूरवरचे सांधेही निखळू शकतात.

बंद केल्यानंतर एक टोपण उघडे ठेवून तोंडावर तळवा धरावा. आत ओढ जाणवली, तर निचरा होत आहे असे समजावे. ही तपासणी अगदी साधी असली, तरी हिवाळ्यात खांब फुटण्यापासून वाचवते. जेथे भूजलपातळी उंच असल्याने निचऱ्याची छिद्रे मुद्दाम बुजवलेली असतात, तेथे पाणी हातपंपाने उपसावे लागते.

देखभालीसाठी वर्षातून किमान एकदा प्रत्येक हायड्रंट प्रत्यक्ष चालवून पाहावा. बाहेरून रंग चकाकत असल्याने आतली स्थिती कळत नाही. टोपणे काढून आटे स्वच्छ करावेत आणि त्यांना पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित असलेले ग्रीस लावावे. कडक झालेले वॉशर बदलावेत आणि रंग देताना तो आट्यांत जाऊ देऊ नये. पाणी सोडताना प्रवाह पसरवणारे साधन लावावे. ते पाणी ओढ्यात जाणार असेल, तर आधी त्यातले क्लोरीन काढावे, कारण ते माशांना मारक ठरते.

प्रवाहचाचणीत एका हायड्रंटवर दाबमापक लावून शेजारच्या हायड्रंटमधून पाणी सोडतात. पाणी वाहत असताना उरलेला दाब साधारणपणे 1.4 बारच्या खाली जाऊ देत नाहीत, कारण दाब फार उतरल्यास बाहेरचे दूषित पाणी वाहिनीत ओढले जाण्याचा धोका असतो. चाचणीची तारीख, दाब आणि आढळलेले दोष प्रत्येक हायड्रंटच्या क्रमांकासह नोंदवावेत. नादुरुस्त हायड्रंटवर स्पष्ट दिसेल अशी खूण लावून अग्निशमन दलाला त्याच दिवशी कळवावे, आणि दुरुस्ती झाल्यावर ती खूण आठवणीने काढावी. हायड्रंटभोवती सुमारे एक मीटर जागा झुडपे, वाहने आणि साचलेले बर्फ यांपासून मोकळी ठेवावी.