महासंगणकाची सुविधा बदलताना

दापोली किंवा रत्नागिरीत बसून लाटांची वा पावसाची प्रारूपे दूरच्या महासंगणकावर चालवणाऱ्या संशोधकाला एका सुविधेतून दुसरीकडे जावे लागते, तेव्हा नव्या अर्जाइतकीच जुन्या खात्यातील फायलींची काळजी घ्यावी. अमेरिकेत ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संशोधकांना महासंगणकांवर वेळ देणारा ‘एक्ससीड’ हा कार्यक्रम संपून दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी ‘ॲक्सेस’ सुरू झाला; तेथे मिळालेली क्रेडिट्स (संगणन-वेळेसाठीचे गुण) निवडलेल्या यंत्राच्या एककांत बदलून घ्यावी लागतात. म्हणून जुन्या सुविधेतील संगणन-तासांचा आकडा नव्या अर्जात जसाच्या तसा उतरवू नये.

डेटा घरच्या संगणकामार्गे नेण्याचा मोह टाळावा. आषाढात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि रात्रभराची प्रत अर्धवट राहते (हे शहाणपण अनुभवाने आलेले आहे). त्यापेक्षा जुन्या महासंगणकावर ‘टीमक्स’ हे टर्मिनलचे सत्र टिकवणारे साधन उघडून, तेथील नियमांत बसत असल्यास, ‘आरसिंक’ या प्रती करणाऱ्या आज्ञेने फायली थेट नव्या यंत्रावर पाठवाव्यात, म्हणजे आपली जोडणी तुटली तरी काम चालू राहते. ‘स्क्रॅच’ या तात्पुरत्या साठवणीतील फायली बहुधा ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, त्यामुळे त्या आधी हलवाव्यात आणि दोन्हीकडचे चेकसम (फायलीच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळल्याशिवाय मूळ प्रत पुसू नये.

तयार एक्झिक्युटेबल (थेट चालणारी प्रोग्रामची फाइल) सोबत नेण्यात अर्थ नाही. प्रोसेसर वेगळा असेल तर प्रोग्राम मूळ कोडवरून नव्याने कंपाइल करणेच बरे. महासंगणकावर कामे रांगेत लावणाऱ्या ‘स्लर्म’च्या स्क्रिप्टमध्ये पार्टिशन (कामाची रांग), खाते आणि मॉड्यूल (लागणारी सॉफ्टवेअरे) यांची नावे बदलून, आधी उत्तर ठाऊक असलेले एखादे छोटे काम चालवून पाहावे.