रंगीत काचांच्या खिडक्या बघायच्या तर अशा बघा

बहुतेक लोक चर्चमध्ये शिरतात, वर बघून 'वा' म्हणतात, दोन फोटो काढतात न् निघतात. तसं नका करू. आधी पाच मिनिटं नुसतं बसा, डोळे अंधाराला सरावले की मग रंग खरे दिसायला लागतात.

छोटी दुर्बीण न्याच, कारण पॅरिसच्या सांत शापेल चर्चमध्ये १५ खिडक्यांत हजाराहून जास्त प्रसंग आहेत आणि वरचे नुसत्या डोळ्यांनी कळतच नाहीत. गोष्ट बहुतेकदा खालून वर वाचायची असते, हे मला फार उशिरा कळलं! वेळही बघा, पूर्वेच्या खिडक्या सकाळी, पश्चिमेच्या संध्याकाळी, पण ढगाळ दिवस असेल तर नाराज होऊ नका, निळा रंग तेव्हा मस्त खुलतो. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा तो फेमस निळा कोबाल्टमुळे आलाय आणि तिथल्या पश्चिमेकडच्या तीन खिडक्या ११९४ च्या आगीतून वाचलेल्या आहेत.

जवळून बघायला मिळालं तर काळ्या रेषा नीट बघा, जाड असतात त्या शिशाच्या पट्ट्या, चेहरा न् कपड्यांच्या चुण्या मात्र ब्रशने रंगवून भट्टीत भाजलेल्या. पिवळा दिसला तर तो बऱ्याचदा चांदीच्या क्षाराचा, ही युक्ती साधारण १४व्या शतकात आली.

आणि गाईड म्हणाला की जुनी काच हळूहळू खाली वाहते म्हणून खाली जाड झालीये, तर हसून सोडून द्या, ती बनवतानाच कमीजास्त जाडीची व्हायची.

फोटोसाठी एक्सपोजर कमी करा, फ्लॅश बंद.