कुत्रं घेऊन वृद्धाश्रमात जाताना: नखं, नखं आणि नखं

पट्टा, पाण्याचं भांडं, घाण उचलायच्या पिशव्या हे सांगायची गरज नसावी. रेबीजची लस मुदतीतली, जंताचं औषध दिलेलं, अंगावर गोचीड नाही. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून तब्येतीचा दाखला आणला की आश्रमाचे व्यवस्थापकही निवांत होतात. कुत्रं वर्षाच्या वरचं आणि माणसांना न बुजणारं पाहिजे. आपल्याकडचं कारवानी जातीचं कुत्रं दिसायला देखणं, पण परक्याचा हात लागला की अंग चोरत असेल तर घरीच राहू द्या. 'तिथं गेल्यावर सुधारेल' असं काही होत नसतं.

आता नखं. उतारवयात कातडी कागदासारखी पातळ होते, त्यात बऱ्याच जणांना हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. कुत्रं लाडानं पंजा देतं, ओरखडा उठतो आणि रक्त लवकर थांबत नाही. मागच्या खेपेला मी निघायच्या घाईत नखं कापली आणि तसाच गेलो. ताजं कापलेलं नख कडेला उलट जास्त धारदार असतं, हे तेव्हा कोण लक्षात घेतो! आजी बिचाऱ्या "लेकराला रागवू नका" म्हणत होत्या, नर्सबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा नखं दोन दिवस आधी कापा. कापून भागत नाही, कानशीनं घासा. मग तोच पंजा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढून बघा. टोचलं? परत घासा. पुढच्या पायाला आतल्या अंगाचं, जमिनीला न टेकणारं नख सगळे विसरतात. ते झिजत नाही, वाकडं वाढतं. तेही घासा.

व्यवस्थापकांशी आधीच बोलून कुणाला कुत्रं नकोय, कुणाला दमा आहे, कुणाला उघडी जखम आहे ते विचारून घ्या. एखाद्या माळकरी बाबांना कुत्र्याचा स्पर्श नको असेल. नमाज पढणाऱ्या चाचांच्या कपड्याला लाळ लागली तर त्यांना कपडे बदलावे लागतील. तिथं लांबूनच रामराम, सलाम करा. 'दत्ताच्या पायाशी पण कुत्रीच असतात की' हे ऐकवायचं नाही. आपण पाहुणे आहोत.

खाऊचं वेगळंच. उशाखालून बिस्किट निघतं, ताटातला भाकरीचा तुकडा पुढे येतो, आणि त्या भाकरीसोबत कांदा असतो. कांदा, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषारी, शिऱ्यातला बेदाणासुद्धा. त्याहून वाईट म्हणजे पलंगाखाली पडलेल्या गोळ्या. 'सोड' म्हटलं की सोडणारं कुत्रं नसेल तर अजून महिनाभर घरी शिकवा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी नाश्त्यानंतर लगेच जा, दुपारी नाहीच. अंगणातल्या फरशीवर तळहाताची मागची बाजू ठेवून बघा, चटका बसला तर पंजालाही बसणार. पाणी घरून न्या. उन्हाळ्यात आश्रमातच टँकर येत असतो, तिथं बादली मागायची नाही.

आत शिरायच्या आधी दारात पुन्हा नखांवरून बोट फिरवा. हो, पुन्हा. वाटेत दगडावर एखादं तुटलेलं असतं.

पट्टा आखूड धरा, वॉकर आणि काठीत अडकून कुणी पडलं तर मांडीचं हाड मोडतं. खुर्चीला पट्टा बांधायचा नाही. पलंगावर घ्यायचं असेल तर आपली चादर. हात आधी आणि नंतर दोन्ही वेळा धुवायला लावा. फोटो विचारून. कुत्रं जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं, तोंड फिरवू लागलं की बाहेर, तासाभरात आटपा. घरी पाणी, झोप.

एवढं करूनही ओरखडा उठलाच तर लपवू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, नर्सबाईंना सांगा, लसीचं कार्ड दाखवा. कार्डाची झेरॉक्स गाडीत नको, खिशात ठेवा.